मेव्हणा, दाजी आणि दोन सीटची गाडी

जुळे सोलापुरातल्या शिवराजच्या घराला चांगला ऐसपैस पोर्च होता, पण त्याची रोजची गाडी मात्र बाहेर लिंबाखाली उभी असायची. रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो तिच्यावरची पाखरांची घाण पुसायचा आणि शेजारचे लोक हसायचे. कारण पोर्च दोन वर्षांपासून अडलेला होता. तिथं विटांच्या चार थरांवर एक सॅन स्टॉर्म चढवून ठेवलेली होती. गोव्याला बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, बुटकी गाडी. कधीकाळी ती लाल होती. शिवराजकडे आली तेव्हा तिचा रंग उन्हात विटून वाळलेल्या मिरचीसारखा झाला होता आणि फायबरच्या बॉडीला जागोजाग भेगा पडल्या होत्या.

ती शोधली होती अजिंक्यनं, म्हणजे शिवराजच्या दाजींनी. थोरली बहीण पायल टेंभुर्णीला दिलेली. दाजींचं तिथं हायवेला लागून खतं-औषधांचं दुकान. माणूस मोठा हौशी. दिवसभर युरियाची पोती मोजायची आणि संध्याकाळी मोबाईलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायचं. एकदा होटगी रोडला एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यामागं त्यांना ही गाडी दिसली आणि त्यांनी जागेवरूनच फोन लावला.

"शिवा, हातातलं काम टाक आणि ये. आपली गाडी सापडली."

'आपली' म्हणाले ते. शिवराज चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. त्यानं खरंच काम टाकलं आणि गेला. टेम्पोवर चढवून गाडी घरी आणेपर्यंत दोघांची वाटणी ठरलीसुद्धा होती: बॉडी शिवराजनं करायची, इंजिन दाजींनी. इंजिन उतरवून टेंभुर्णीला गेलं आणि दुकानामागच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीशेजारी एका लाकडी टेबलावर बसलं.

मग रविवार आला की दाजी आणि पायल सोलापूरला. दाजी आल्या आल्या शर्ट काढून जुना बनियन चढवायचे आणि दोघं पोर्चमध्ये घुसायचे. फायबर घासून घासून अंगाला अशी खाज सुटायची की रात्री झोप येऊ नये. शिवराजच्या बायकोनं, रेश्मानं, ते कपडे मशीनला लावायला सक्त मनाई केली होती; ते वेगळ्या बादलीत, आणि तेही ज्याचे त्यानं धुवायचे. जेवायला हाक मारली तर "आलोच" म्हणून तासभर यायचे नाहीत. पायल म्हणायची, "माझा भाऊ आणि माझा नवरा, दोघं मिळून एक पोर झालंय."

शिवराजचा एकच हट्ट होता. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच झाली पाहिजे. बटन तेच, सीट त्याच, शिलाईसुद्धा तशीच. एका आरशासाठी तो सहा महिने फोन करत बसला, पण दुसऱ्या गाडीचा लावला नाही. दाजी त्याची चेष्टा करायचे. "अरे, चालली म्हणजे झालं की," म्हणायचे. पण ऐकायचे त्याचंच.

अडलं ते इंजिनापाशी. वर्षानुवर्षं पाणी शिरून ते आतून जाम झालं होतं. दाजींनी ते चिकाटीनं सोडवलं खरं, पण एक पिस्टन पार खाल्लेला निघाला आणि तसा पिस्टन काही केल्या मिळेना. पुण्यात विचारलं, बेंगळुरूला विचारलं. दाजी हळूहळू गप्प होत गेले. रविवारी यायचे, पण पहिल्यासारखे वाकायचे नाहीत. खुर्ची टाकून बसायचे, शिवराजला हे कर, ते कर सांगायचे. शिवराजला वाटलं, हौस फिटली यांची.

आणि एका शनिवारी पहिली पाळी संपवून तो घरी आला तर गेटपर्यंत ठिणग्या. दाजी गाडीत डोकं घालून ग्राइंडर चालवत होते. बाहेर त्यांच्या पिकअपमध्ये, रस्त्यावर शंभरात पन्नास दिसतात तसल्या गाडीचं एक इंजिन दोरीनं बांधून ठेवलेलं.

"आलास? बरं झालं. जरा धर हे," दाजी म्हणाले.

शिवराजनं वाकून बघितलं. इंजिन ज्यावर बसतं त्या दोन ब्रॅकेटांपैकी डावं कापून खाली पडलं होतं. उजवं अर्धं कापलेलं.

"दाजी, हे काय केलंत?"

"पिस्टन मिळायचा न्हाई आता. हे इंजिन बसवू. कुठल्याही गल्लीत दुरुस्त होतंय."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाला असतास."

"म्हणून न विचारता कापायचं? दोन वर्षं मी एक स्क्रू बदलला नाही या गाडीचा." शिवराजचा आवाज चढत गेला. "दाजी म्हणून ऐकून घेतलं सगळं. पण गाडीतलं कळतं काय हो तुम्हाला? खत विका तुम्ही टेंभुर्णीत बसून!"

ग्राइंडर बंद झाला. घरात रेश्माच्या भिशीच्या बायका जमल्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दाजींनी पिन काढली, वायर नीट गुंडाळली, हात पुसले आणि "बरं" एवढंच म्हणून पिकअपमध्ये जाऊन बसले. गाडी वळवताना त्यांनी मागं बघितलं नाही.

रात्री जेवताना रेश्मा म्हणाली, "चूक त्यांची असंल. पण बोलायची काही रीत असते. चारचौघींत बोललास तू."

शिवराजला ते कळत होतं. याच माणसानं त्याला खताच्या टेम्पोवर गाडी चालवायला शिकवली होती, आणि पहिल्याच दिवशी त्यानं तो टेम्पो बांधाला धडकवला तेव्हा आपल्या सासऱ्यांना, म्हणजे शिवराजच्या वडिलांना, सांगताना स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. फोन करावा असं त्याला रोज वाटायचं. पण कापलेलं ब्रॅकेट बघितलं की पुन्हा डोकं तापायचं. त्यांनीच करावा की फोन, असं म्हणत दिवस गेले, मग महिने गेले. भाऊबीजेला पायल एसटीनं एकटीच आली.

"दाजी?"

"दुकानात माल उतरतोय," ती म्हणाली, आणि ताटातलं निरांजन लावायला लागली.

अशी गाडीची फाळणी झाली. बॉडी सोलापुरात, इंजिन टेंभुर्णीत. शिवराजनं ब्रॅकेट परत जोडून घेतलं. रंग झाला, दारं बसली, बस स्टँडजवळच्या ताडपत्रीवाल्याकडून टपाचं कापड शिवून झालं. उरली होती पुढची काच. तिला तडा होता आणि तिची चौकट खालून सडली होती. आणि बॉनेट उघडलं की मधोमध नुसता खड्डा.

हिवाळा संपता संपता, गाडीचे सुटे भाग शोधायला शिवराजनं काढलेल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो आला. टाकला होता गुरुशांतनं. हा शिवराजचा शाळेतला मित्र, जनावरांचा डॉक्टर, माळशिरस भागात नेमणूक. एका म्हशीला बघायला वस्तीवर गेला होता, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये त्याला एक बुटकी गाडी दिसली. बॉनेटवर दोन कोंबड्या. खाली लिहिलं होतं, 'ओळखा पाहू.'

शिवराजनं फोटो मोठा करून बघितला. काच अखंड होती. त्यानं लगेच पत्ता विचारला आणि येणाऱ्या रविवारी पहाटे निघाला. या ग्रुपवर दाजीही आहेत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

वस्तीवर पोचला तर बाभळीखाली ओळखीची पिकअप उभी. दाजी शेडच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्यापुढं कमरेवर हात ठेवून एक म्हातारी.

दाजींनी त्याला बघितलं. शिवराजनं मान हलवली. त्यांनीही हलवली. झालं.

"ह्यो बी गाडीलाच आलाय व्हय?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव सोनाबाई. गाडी तिच्या मुलाची, बाळासोची. लग्नाच्या वराती करायला त्यानं ती पुण्याहून आणली होती. चार-दोन नवरदेव मिरवले, मग ती बंद पडली ती तिथंच. आता तो कारखान्यावर ऊसतोडीचे ट्रॅक्टर बघायचा. दाजींचं फोनवर त्याच्याशी बोलणं झालं होतं. त्याचं म्हणणं एकच: खुशाल न्या, माझ्या डोक्याचा ताप जाईल, पण आईला विचारा.

"न्या की," सोनाबाई म्हणाली. "मला काय करायचीया ती. पर माझ्या कोंबड्या कुटं बसतील?"

दोघांनी आत डोकावलं. गाडीच्या आत पेंढा अंथरला होता. डिकीत चार कोंबड्या. शेजारच्या सीटवर अंडी. आणि स्टिअरिंगसमोरच्या सीटवर एक काळी कोंबडी पिसं फुगवून बसलेली. शिवराजनं हात पुढं केला तशी तिनं त्याला कचकन चोच मारली.

"हात लावू नगं! खुडूक हाय ती," सोनाबाई ओरडली. "अंड्यावर बसवलीया. पिल्लं निघाल्याबिगर गाडी हालायची न्हाई."

"आजी, मला फक्त काच पाहिजे," शिवराज म्हणाला.

"आन् मला इंजिन," दाजी म्हणाले.

"म्हंजे एकाला डोकं आन् एकाला पोट? मधलं मी काय करू? नेली तर सगळी न्या. आन् आदी माझ्या कोंबड्यास्नी खुराडं बांदून द्या." मग तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तुमी भाऊ-भाऊ काय?"

"दाजी आहेत माझे," शिवराज म्हणाला.

"मग तोंडाला काय झालंय दोघांच्या?"

दाजी पिकअपकडं गेले आणि पक्कड, हातोडी घेऊन आले.

सोनाबाईनं सामान दाखवलं: जुने पत्रे, बांबू, गोठ्याची मोडकी फळी, तारेचं भेंडोळं. जागाही तिनंच नेमून दिली, तोंड पूर्वेला, जमिनीपासून हातभर उंच, मुंगूस शिरता कामा नये. दोघं कामाला लागले. बोलणं फक्त कामापुरतं. "तार दे." "हां." "जरा वर." "बास."

पत्रा चढवायची वेळ आली. शिवराजनं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकाला दाजी वाकले, आणि तसेच राहिले. ना वर, ना खाली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"दाजी?"

"सोड... पत्रा सोड आदी."

शिवराजनं पत्रा टाकला आणि धावत जाऊन त्यांना धरलं. हात कमरेला लागला तेव्हा शर्टाखाली काहीतरी कडक लागलं. रुंद पट्टा होता. मणक्याच्या रुग्णाला देतात तसला. सोनाबाईनं बाज आणून टाकली आणि दोघांनी मिळून त्यांना हळूच आडवं केलं.

बऱ्याच वेळानं दाजींना बोलता आलं.

"मणका सरकलाय. गेल्या वर्षीपासनं. डॉक्टर म्हणला, वजन उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई. ऑपरेशन करू म्हणतोय."

"आणि तुम्ही ग्राइंडर घेऊन गाडीत वाकला होता?"

"म्हणून तर घाई केली." दाजी वर शेडच्या पत्र्याकडं बघत बोलत होते. "त्यो म्हणला, ऑपरेशन झाल्यावर खाली बसायची सवय सोडा. आपली गाडी केवढी बुटकी हाय, तुला म्हायती हाय की. मला वाटलं, एकदा तरी चालवावी, मग बसायला न्हाई जमलं तर न्हाई. पिस्टनची वाट बघत बसलो असतो तर..."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? तू आदीच म्हणायचास, दाजी हल्ली नुसतं बसून राहतात."

शिवराज तसं कधी तोंडानं म्हणाला नव्हता. पण मनात आलं होतं, आणि ते दाजींना दिसलं असणार. तो बाजेच्या काठावर बसला.

"त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो," तो म्हणाला. "बायकांसमोर बोललो."

"बोललास. लई लागलं," दाजी म्हणाले. "पर कापलं ते बी न विचारता. ती बी माझी चूकच."

सोनाबाई कपबशीत चहा घेऊन आली. "झालं का बोलून?" तिनं विचारलं. "मग पत्र्याचं बगा. ऊन चढलं."

उरलेला पत्रा शिवराजनं आणि सोनाबाईनं मिळून चढवला. म्हातारीच्या अंगात चांगलीच ताकद होती. दाजी बाजेवर पडूनच सांगत होते, इकडं खिळा मार, तिकडं वाकलंय. दुपारी तिनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. निघताना शिवराजनं दाजींना पिकअप चालवू दिली नाही. स्वतःची गाडी वस्तीवर ठेवून तो त्यांना घेऊन टेंभुर्णीला गेला. पायलनं दारातून दोघांना एकत्र बघितलं. आत गेली आणि थोड्या वेळानं तिनं भावाला हाक मारली, "शिवा, हातपाय धू. पोहे टाकलेत."

पिल्लं निघाल्याचा फोन सोनाबाईनं बाळासोकरवी केला. दोघं जाऊन गाडी घेऊन आले. कोंबड्यांनी आतलं सारं कापड फाडलं होतं, पण इंजिनाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. आपल्याच गाडीचं इंजिन पाहिजे या शिवराजच्या हट्टापायी त्यातले पिस्टन तेवढे दाजींच्या इंजिनात बसले आणि ते इंजिन सोलापूरला परत आलं. दाजी खुर्चीत बसून सांगायचे, हात शिवराजचे असायचे. पुढची काच चौकटीसकट शिवराजनं आपल्या गाडीला लावली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पोर्चमध्ये इतका निळा धूर झाला की शेजारचे चनबसप्पा पाण्याची बादली घेऊन धावत आले.

पण बसायचं कसं, हा प्रश्न राहिलाच. गाडीची सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर. दाजींनी एकदा प्रयत्न केला. दार उघडलं, दार धरून खाली व्हायला लागले आणि निम्म्यावरच थांबले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू चालव. मी बघतो."

तिसऱ्या दिवशी शिवराजनं ड्रायव्हरची सीट खोलली. कारखान्यातल्या एका ओळखीच्या टर्नरकडून बेअरिंगवर फिरणारी लोखंडी प्लेट करून घेतली. सीट चार बोटं उंच केली, म्हणजे नजर काचेच्या चौकटीत अडणार नाही एवढीच. वर रोजच्या वापरातल्या एका गाडीची टणक सीट बसवली, कमरेला आधार देणारी, काळी, या गाडीला अजिबात न शोभणारी. एक खटका ओढला की सीट दाराकडं वळायची. माणसानं उभ्या उभ्या पाठमोरं टेकायचं आणि मग पायांसकट आत फिरायचं. उंबऱ्याला पाय अडत होते, म्हणून त्यानं तिथलं फायबरही कापलं.

रेश्मा दारात उभी राहून बघत होती. "कापलंस?"

"कापलं."

"आणि ते ओरिजिनल?"

"शेजारची सीट आहे की ओरिजिनल," शिवराज म्हणाला. "मी बसेन तिच्यावर."

ऑपरेशनची तारीख ठरली. तिच्या आदल्या रविवारी टेंभुर्णीची मंडळी आली. दाजींनी सीट बघितली, खटका दोनदा ओढून बघितला, सीट वळवून बघितली. "बेअरिंग कुठलं टाकलंयस?" एवढंच विचारलं. मग पाठमोरे टेकले आणि फिरले. आत गेले. स्टिअरिंगवर हात ठेवून ते बराच वेळ नुसते बसून राहिले. शिवराजनं मुद्दाम हवा बघायचं निमित्त करून चाकाशी वेळ काढला.

मंगळवेढा रस्त्याला निघाले. टप खाली पाडलेलं. मागून पायल आणि रेश्मा शिवराजच्या गाडीत. गावाबाहेर पडल्यावर दाजींनी तिसरा टाकला, मग चौथा. गाडी हलकी असल्यानं लगेच उसळली. वारं असं तोंडावर आलं की दाजींची टोपी उडून मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन आपटली आणि पायल आतून काहीतरी ओरडली. ते कुणाला ऐकू आलं नाही. दाजी मोठ्यानं हसले. शिवराजनं त्यांना इतकं मोठ्यानं हसताना वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"दुखतंय का?" त्यानं ओरडून विचारलं.

"थोडं!" दाजी ओरडले आणि वेग कमी केला नाही.

पुढं एका वळणावर मेंढरं आडवी आली. चांगला मोठा कळप होता, रस्ता ओलांडून पलीकडच्या कापणी झालेल्या रानात चालला होता. दाजींनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. पुढं एक घोडं, त्याच्यावर बिऱ्हाड, त्यात कोकरं बांधलेली. एक मेंढका काठी टेकत गाडीजवळ आला आणि वरून आत वाकून बघायला लागला.

"एवढ्या गाडीत दोनच माणसं व्हय?"

"दोनच," दाजी म्हणाले.

"मागं बाया दुसऱ्या गाडीत?"

"व्हय."

मेंढक्यानं मागच्या गाडीकडं बघितलं, मग परत या गाडीकडं. "छप्पर करायचं राहिलंय," तो म्हणाला आणि एका चुकार मेंढीला हाकारत निघून गेला.

इंजिन तापत चालल्याचं समोरचा काटा दाखवायला लागला होता. शिवराज काट्याकडं बघत होता. कळप काही संपत नव्हता. "बंद करू का?" दाजींनी विचारलं. "परत सुरू नाही झाली तर?" शिवराज म्हणाला. "न्हाई झाली तर ढकलू," दाजी म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, "म्हंजे तू ढकल. मी स्टिअरिंग धरतो." आणि त्यांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा आणि खुरांचा आवाज तेवढा राहिला. दोघं सीटवर मागं रेलून वाट बघत बसले.